दांडीतली बॅटरी

कासव रबराचं होतं. हिरवं, मुठीत मावेल एवढं, आणि दाबलं की कुणी चिमटा काढल्यासारखं किंचाळायचं. सीवूड्सच्या एका खेळण्यांच्या दुकानातून उदयसिंहने ते स्वतः पारखून आणलं होतं आणि त्याचा नियमही त्यानेच केला होता. दर रविवारी सकाळी सहा जणांनी सायकलवरून पारसिक टेकडी चढायची. जो शेवटी वर पोचेल, त्याने ते कासव आठवडाभर आपल्या हँडलला बांधून हिंडायचं. नुसतं बांधून भागत नसे. रोज सकाळी सहाला पुलाखाली सगळे जमले की कासववाल्याने ते तीनदा वाजवायचं आणि मगच बाकीच्यांनी पेडल मारायचं. याला त्यांच्या ग्रुपवर 'खेळीमेळी' म्हणत. म्हणणारे अर्थात ते, ज्यांच्या हँडलला कासव नसायचं.

गेले अकरा महिने कासव एकाच हँडलला होतं. जयप्रकाशच्या. सगळे त्याला जेपी म्हणत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला कारकून, मूळचा देवगडकडचा, वजन पंच्याण्णव किलो आणि चेहरा कायम हसरा. लग्नात बायकोचं नाव बदलून जयमाला ठेवलं होतं, तेव्हापासून 'जय-जय जोडी' हा विनोद तो पस्तीस वर्षं ऐकत आला होता आणि अजून प्रत्येक वेळी हसायचा. अशा माणसाला कासव बांधायला फार मजा येते. उदयसिंह ते बांधताना गाठ मुद्दाम घट्ट मारायचा आणि म्हणायचा, "जेपी, लेका, कासवाला डुलकी लागली बघ तुझ्या हँडलवर."

उदयसिंह त्रेसष्ट वर्षांचा होता. औषधांच्या कंपनीच्या स्टोअरमध्ये पस्तीस वर्षं चाळीस माणसांवर आवाज चढवून निवृत्त झाला होता. आता चाळीस माणसं नव्हती, पाचच होती, पण ती त्याला 'कॅप्टन' म्हणायची आणि त्यावर त्याचं भागत होतं. टेकडीवर तो नेहमी पहिला किंवा दुसरा पोचायचा. ग्रुपमधला विश्वजित पन्नाशीतला, अजून नोकरीत असलेला, तो कधीमधी पुढे जायचा. बाकी कुणाची टाप नव्हती.

आणि मग फाल्गुनात उदयसिंहच्या छातीत दुखलं, आणि दोन स्टेंट बसले.

चार महिन्यांनी तो परत आला. डॉक्टरांनी सपाटीवर चालवायला हरकत नाही म्हटलं होतं, चढणीला मात्र साफ नाही. पण पहिल्या रविवारी पुलाखाली टाळ्या वाजल्या, विश्वजितने व्हिडिओ काढला, आणि टाळ्या वाजल्यावर सपाटीवरून परत फिरणारा माणूस उदयसिंह नव्हता. तो चढला. दुसऱ्या वळणावर जीभ कोरडी पडली, तिसऱ्या वळणावर उतरावं लागलं. जेपी त्याच्या पुढे गेला होता. आयुष्यात पहिल्यांदा. पण शेवटच्या वळणावर तो सायकल कठड्याला टेकवून थांबला होता.

"सावकाश ये रे बाबा," तो म्हणाला. "शेवटच्याला सोडून वर जायचं नाही, मला कसंतरीच होतं."

दोघं सायकली हातात धरून चालत वर पोचले. जेपीने मुद्दाम दोन पावलं मागे राहायचा प्रयत्न केला, पण विश्वजितच्या डोळ्यांनी ते टिपलं. "नियम म्हणजे नियम, कॅप्टन! तुम्हीच केलाय!" आणि हसण्याच्या गदारोळात कासव सुटलं आणि उदयसिंहच्या हँडलला लागलं.

"माझ्याकडेच राहू दे ना ते," जेपी हळूच म्हणाला. "मला सवय आहे."

ते हसणं उदयसिंह एखाद्या वेळी विसरलाही असता. ही दया त्याला विसरता येईना. आठवडाभर तो रोज सकाळी तीनदा कासव वाजवत होता आणि रोज त्याच्या मनात एकच गोष्ट घोळत होती, की या ढोल्याने मला दया दाखवली.

त्याच शुक्रवारी तो पनवेलला गेला. सीवूड्स, नेरूळ, बेलापूर, सगळीकडे इलेक्ट्रिक सायकली मिळतात, पण तिथे कुणीतरी ओळखीचं भेटणारच. पनवेलच्या दुकानात आशुतोष नावाचा तरुण मालक होता, त्याने थंड पाणी दिलं आणि सुरुवात केली.

"अंकल, थ्रॉटल हवं की पेडल असिस्ट?"

"सोपं करून सांग."

"थ्रॉटल म्हणजे स्कूटरसारखं, मूठ पिळली की पळते. असिस्टमध्ये पाय तुम्हीच मारायचे, मोटर फक्त मागून ढकलते. लायसन नको, नंबर प्लेट नको. टेन्शनच नाही."

"मागून ढकलते ते बाहेरून कळतं का?"

आशुतोषला प्रश्न नीट समजला नाही. त्याने एक दाखवली, तिच्या सीटखाली जेवणाच्या डब्याएवढी बॅटरी होती. दुसरीच्या कॅरियरवर होती. उदयसिंहने दोन्ही नाकारल्या. तिसरीजवळ तो थांबला. काळी, देखणी, खालची दांडी जरा जाड.

"हिची बॅटरी कुठाय?"

"दांडीत. फिक्स आहे, काढता येत नाही. हे इथे खाली रबराचं झाकण आहे ना, ते उघडायचं, चार्जर लावायचा. मोटर मागच्या चाकाच्या मधोमध, गिअरच्या चकत्यांआड. पण अंकल, खरं सांगू का, तुमच्या वयाला सीटखालचीच बरी. ती काढून घरात नेता येते. ही अख्खी सायकल वर न्यावी लागेल, आणि हिचं वजन बावीस किलो आहे."

"लिफ्ट आहे. हीच दे."

"डिस्प्ले लावू का? स्पीड दिसतो, बॅटरी किती उरली ते..."

"काही लावू नको. हँडलला बटण किती मोठं आहे?"

"हे एवढंसं. तीन पायऱ्या आहेत. एक, दोन, तीन."

"ग्रिपच्या आत सरकव. आणि हे विजेचं चिन्ह आहे ना दांडीवर, ते स्टिकर काढून टाक."

आशुतोष हसला. "लोक जास्तीचे स्टिकर लावून मागतात, अंकल. काढायला सांगणारे तुम्ही पहिलेच. आवाजाचं विचारलं नाहीत?"

"येतो का?"

"अगदी बारीक. शेजारच्या घरात मिक्सर चालू असल्यासारखा."

एवढ्या आवाजाचा बंदोबस्त उदयसिंहने परतीच्या वाटेवरच ठरवला. मोबाइलवर भावगीतं लावायची.

घरी त्याच्या बायकोने, सुहासिनीने, सायकल दाराच्या आत आलेली पाहिली आणि कपाळाला हात लावला. "अहो, घ्यायला माझी ना नाही. डॉक्टरही बरं म्हणतील. पण लपवायचं कशाला?" रोज संध्याकाळी तो सायकल बेडरूममध्ये नेऊन इस्त्रीच्या कपड्यांच्या ढिगाआड उभी करायचा आणि चार्जर लावायचा. पुढे दसऱ्याला पुलाखाली सगळ्यांबरोबर सायकलची पूजा करणं शक्य नव्हतं, पूजा म्हटली की चार लोकांचे हात लागणार. म्हणून सुहासिनीने घरी बिचाऱ्या चार्जरलाच हळदकुंकू वाहिलं.

ग्रुपवर त्याने सांगून टाकलं की सायकल कार्बनची आहे, भाच्याने बाहेरून पाठवली, दांडी जाड दिसते पण आतून पोकळ आहे, कापसासारखी हलकी. फक्त कार्बनला हाताची उष्णता चालत नाही, तेव्हा कुणी हात लावायचा नाही. शिकलीसवरलेली पाच माणसं हे ऐकून सायकलपासून हातभर लांब उभी राहू लागली. कॅप्टनचं खोटं कसं असेल?

सायकल आणल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी उदयसिंह पारसिक टेकडी गाणं लावून चढला. बटण दुसऱ्या पायरीवर होतं. पाय नुसते फिरत होते आणि टेकडीच त्याच्या चाकांखालून मागे सरकत होती. वर पोचून त्याने घड्याळ पाहिलं, शर्टावर पाण्याची बाटली थोडी शिंपडली म्हणजे घाम दिसेल, आणि वाट पाहत उभा राहिला. सर्वांत शेवटी जेपी आला. उदयसिंहने आपल्या हँडलचं कासव सोडलं आणि त्याच्या हँडलला गाठ मारली. घट्ट.

इथवर गोष्ट एका म्हाताऱ्याच्या चोरट्या हौसेची आहे आणि तिथेच थांबली असती तर तिला कुणी क्रूर म्हटलं नसतं. पण जिंकून माणसाचं पोट भरत नाही. उदयसिंहला आता नुसतं पुढे जायचं नव्हतं, जेपीला मागे पडलेलं बघायचं होतं.

म्हणून तो पहिला जाणं बंद करून जेपीच्या बरोबर पुढे, एका चाकाच्या अंतरावर चालवू लागला. जेपीला वाटायचं, मित्र सोबत करतोय. आणि उदयसिंह मान मागे वळवून बोलायचा. श्वास न लागता, सलग.

"दोन स्टेंट आहेत माझ्या छातीत. दोन! तरी बघ. तुझ्या छातीत काय आहे, सांग की? वडापाव?"

जेपी हसायचा. हसता हसता त्याला खोकला यायचा.

मार्गशीर्षात जेपीला जिने चढताना दम लागू लागला. डावा खांदा भरून यायचा. जयमालाने त्याला ओढून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, भुवया वर केल्या आणि पुढच्या मंगळवारची तपासणी लिहून दिली. तोवर टेकडी बंद. जेपीने पुलाखाली हे सगळ्यांना सांगितलं, जरा लाजत, परीक्षेत नापास झालेल्या मुलासारखं.

"झालं का सुरू!" उदयसिंह म्हणाला. "मला पण चढू नको म्हणाले होते. ऐकलं असतं तर आज सोफ्यावर कुजत पडलो असतो. डॉक्टरांना काय कळतंय, जेपी? टेकडी हेच औषध. हा बघ, जिवंत पुरावा उभा आहे तुझ्यापुढे."

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. खरंच उभा होता, लालबुंद, ताठ, त्या काळ्या सायकलीशेजारी.

"नाहीतर असं कर," उदयसिंह पुढे म्हणाला, "कासव कायमचं घरी ने. तपासणीला जाताना गळ्यात बांध. डॉक्टरांना सांग, हाच माझा रिपोर्ट."

पाच जण हसले. जेपीही हसला. मंगळवारची तपासणी त्याने पुढे ढकलली. जयमालाला म्हणाला, "उदय म्हणतो, डॉक्टरांना काय कळतंय, टेकडी हेच औषध. तो दोन स्टेंट घेऊन चढतो, आणि मी साध्या दुखण्याला घाबरू? महिनाभर जोर लावतो, एकदा कासव उतरवतो, मग जाऊ की तपासायला."

त्या रविवारी हवेत गारवा होता. बाकीचे चौघे पुढे निघून गेले होते. उदयसिंह पुढे, जेपी मागे. जेपी आज ऐकत नव्हता. पहिलं वळण त्याने न उतरता घेतलं, दुसरंही. तिसऱ्या वळणावर त्याचं पुढचं चाक उदयसिंहच्या मागच्या चाकाशी आलं. त्याचा श्वास उदयसिंहला गाण्यातूनही ऐकू येत होता, करवतीने ओलं लाकूड कापावं तसा. उदयसिंहने मागे पाहिलं नाही. त्याने ग्रिपच्या आत अंगठा सरकवला आणि बटण तिसऱ्या पायरीवर नेलं.

मागून कासव किंचाळलं. एकदाच, लांबलचक.

"वाजव, वाजव!" उदयसिंह मान न वळवता ओरडला. "आठवडाभर वाजवायचंय!" आणि हसत वर निघून गेला.

वर पाच मिनिटं झाली, सात झाली. मग फिरायला आलेल्या दोन बायका धावत आल्या. जेपी हँडलवर छाती टेकून तसाच कोसळला होता आणि कासव त्याच्या छातीखाली दाबलेलं होतं. विश्वजितने त्याला उताणा केला तेव्हा कासवाने हवा आत ओढली, बारीक शिट्टीसारखी. जेपीने ओढली नाही.

तेराव्याला सगळे त्यांच्या घरी गेले. जेवणं झाल्यावर जयमालाने उदयसिंहला स्वयंपाकघरात बोलावलं. ती रडत नव्हती. ताटं एकात एक घालत होती.

"भावजी, एक काम आहे. नाही म्हणू नका."

"बोला वहिनी."

"निशांतचं." निशांत तिचा एकुलता एक मुलगा, चौतीस वर्षांचा, ऐरोलीत कंप्युटरसमोर दहा-दहा तास बसणारा आणि अंगाने थेट बाप. "यांचं असं झालं म्हणून त्याची पण तपासणी केली. त्याच्याही रक्तवाहिनीत थोडा अडथळा आहे. गोळ्या चालू केल्यात. चाल म्हणाले, पण चढणीवर जोर नको. आणि तो म्हणतो, येत्या रविवारी बाबांची सायकल घेऊन मी टेकडी चढणार. बाबांचं कासव वर नेऊन सोडवणार. मी सांगून थकले. तुमचंच उदाहरण देतो हो मला. म्हणतो, उदयकाकांना दोन स्टेंट आहेत, ते चढतात. तुम्ही सांगा ना त्याला. तो फक्त तुमचं ऐकेल."

"सांगतो," उदयसिंह म्हणाला. आणि त्याला खरंच सांगायचं होतं. तेरा रात्री त्याला त्या किंचाळीने झोप दिली नव्हती, आता निदान पोराला वाचवता येईल असं त्याला वाटलं. तेवढा चांगुलपणा त्याच्यात उरला होता. प्रश्न किंमत द्यायची की नाही एवढाच होता.

निशांत खाली पार्किंगमध्ये बापाच्या सायकलीत हवा भरत होता. हँडलला कासव तसंच होतं.

"निशांत, आईचं ऐक. नको चढू."

"का, काका?"

"तुला झेपणार नाही."

"तुम्हाला झेपतं. दोन स्टेंट असून." निशांतने पंप थांबवला आणि वर पाहिलं. डोळे जेपीचेच होते, भाबडे. "मला एक कारण सांगा, काका. एकच. तुम्हाला जमतं आणि मला का जमणार नाही? सांगितलंत तर नाही चढत. आईची शपथ."

कारण होतं. एका वाक्याचं होतं. माझ्या सायकलीला मोटर आहे. उदयसिंहच्या जिभेवर ते आलंही. मग त्याच्या डोळ्यांपुढे पुलाखालची चार माणसं आली, विश्वजितचा तो चुरचुरीत आवाज, ग्रुपवरचे फोटो, आणि सगळ्यांत शेवटी एक प्रश्न आला, जो कुणीतरी विचारणारच होतं. मग जेपी कुणामागे पळत होता?

"वजन," तो म्हणाला. "तुझं वजन जास्त आहे."

"तेच तर कमी करायचंय," निशांत म्हणाला आणि पुन्हा हवा भरू लागला.

रविवारपर्यंत उदयसिंहने आपल्यापुरती एक तोड काढली. भित्र्या माणसाला तोड लवकर सुचते. मोटर बंद ठेवायची. आपण मागे पडलो की पोराला कुणाच्या मागे लागावंच लागणार नाही, आणि आपल्याला तोंडही उघडावं लागणार नाही. सुहासिनी म्हणाली, "अहो, बंद ठेवून ती ओझ्याची गाडी चढणीवर ओढणार? दोन स्टेंट घेऊन?" तो म्हणाला, एकदाच. एकदाच ओढतो.

बावीस किलोची सायकल बॅटरीशिवाय कशी असते ते त्याला पहिल्या वळणाआधीच समजलं. पाय पेडलवर उभे राहत होते आणि चाक हलत नव्हतं. गाणं लावायचं कारणच उरलं नव्हतं, त्यामुळे स्वतःचा श्वास स्वतःलाच ऐकू येत होता. आणि तो त्याच्या ओळखीचा होता. दुसऱ्या वळणावर छातीच्या मधोमध कुणीतरी बोट रोवलं. ग्रिपच्या आत अंगठा दोनदा गेला आणि दोनदा परत आला. तिसऱ्या वळणावर, जिथे जेपी पडला होता बरोबर तिथे, तो उतरला आणि कठड्याला धरून खाली बसला.

निशांत बराच वर गेला होता. पण मागे कुणी नाही हे त्याच्या लक्षात आलं तसा तो वळला आणि ब्रेक दाबत उतरून आला.

"काका! बसा, बसा. पाणी घ्या. घाई नाहीये." त्याने पाठीवर हात ठेवला. "बाबा म्हणायचे, शेवटच्याला सोडून वर जायचं नाही."

दोघं चालत वर निघाले, सायकली हातात धरून. निशांतला दम लागला नव्हता. तो बोलत होता, बापाच्या आठवणी सांगत होता, मधे मधे उदयसिंहसाठी थांबत होता.

वर चौघे उभे होते आणि त्यांच्याबरोबर जयमाला. ती रिक्षाने पुढे येऊन थांबली होती, पदराचं टोक मुठीत धरून. पोराला चालत येताना पाहिलं आणि तिची मूठ सुटली. सवय वाईट असते. निशांतचं चाक एक हात पुढे होतं. विश्वजितने निशांतच्या हँडलचं कासव सोडलं, आणि कॅप्टनच्या काळ्या सायकलीला बांधलं. कुणी मोठ्याने हसलं नाही. निशांत मात्र रडला आणि हसलाही. "सुटलं, बाबांचं सुटलं," म्हणाला आणि बाकीच्यांनी त्याला मिठ्या मारल्या.

उदयसिंह बसायला कठड्याकडे वळला. सायकल त्याच्या हातून कलंडायला लागली तेव्हा जयमाला पुढे झाली.

"द्या इकडे, मी लावते कडेला."

"नको, वहिनी, हात..."

तिने सायकल धरली होती. फुटपाथवर चढवायला तिने ती उचलली आणि ती उचलली गेली नाही. तिने परत उचलली. जेपीची सायकल ती रोज एका हाताने बाल्कनीत ठेवायची, आणि ही म्हणे कापसासारखी. ती वाकली. जाड दांडीवरून तिची बोटं खाली खाली गेली आणि रबराच्या झाकणाशी थांबली. तिने ते नखाने उघडलं. आत पाहिलं. शेजाऱ्यांची स्कूटर खाली रोज वायर लावून उभी असते, तिला तसलंच भोक असतं.

"ही चार्ज करतात?" तिने विचारलं. आवाज एवढा हळू होता की चार पावलांवरच्या निशांतलाही ऐकू गेला नाही.

उदयसिंहने मान हलवली.

"तेव्हा पण होती? त्या दिवशी?"

"होती."

"चालू होती?"

"तिसऱ्यावर," उदयसिंह म्हणाला. हे तिला कळणार नाही हे त्याला माहीत होतं, पण आता खरं बोलायला लागल्यावर ते थांबेना. "मागून त्याचा श्वास येत होता आणि मी वाढवली. वहिनी, मी आत्ता सांगतो सगळ्यांना. निशांतला सांगतो. मग तो परत चढणार नाही."

"नाही." जयमालाने झाकण परत लावलं, अंगठ्याने नीट दाबून. "त्याला सांगायचं नाही. बाप कशाच्या मागे धावून मेला हे माझ्या पोराच्या मनात आयुष्यभरासाठी घालू नका. ते तुमच्यापाशी ठेवा."

"मग?"

तिने पोराकडे पाहिलं. तो विश्वजितला काहीतरी सांगून हसत होता, चेहरा कोरडा, श्वास शांत.

"तो येतच राहणार आता, मला माहितेय. बापासारखा हट्टी आहे. पण आज तो तुमच्यासाठी थांबला. तुम्ही मागे असलात की तो जोर करत नाही, चालतच येतो." ती वळली. "दर रविवारी यायचं, भावजी. ही मोटर बंद ठेवून. आणि दर रविवारी शेवटी पोचायचं. एकही चुकवायचा नाही."

"वहिनी, मला आजच... छातीत... माझे डॉक्टर म्हणतात..."

"डॉक्टरांना काय कळतंय?" जयमाला म्हणाली. "टेकडी हेच औषध."

तिने सायकल कठड्याला टेकवली. तेवढ्यात निशांत धावत आला आणि त्याने काकांचा खांदा धरला. "पुढच्या रविवारी सहालाच ना, काका? तुम्ही असाल तर मी दर वेळी सावकाश चढेन."

जयमाला दोघांच्या मधे उभी राहून उदयसिंहकडे पाहत होती. हँडलचं कासव त्याच्या हाताला लागत होतं.

"सहाला," उदयसिंह म्हणाला.